नेहमीचंच आहे

शनिवार, ८ फेब्रुवारी

धाकटे,

फोनवर आपण बोललो की भांडण होतं आणि मग तू फोन ठेवतेस, म्हणून लिहिते आहे. पत्र मधेच तोडता येत नाही. फार तर वाचायचं नाही.

सोन्या आयसीयूत आहे. परवा गुरुवारी संध्याकाळी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आतड्याला पीळ पडला होता. पिळलेला भाग काळा पडला होता, तो कापून काढला. किती काढला ते सर्जननं दोन्ही हात फाकवून दाखवलं, कापडाच्या दुकानात दाखवतात तसं. तोंडात नळी आहे. डोळे अर्धे उघडे असतात, पण बघत नाही.

तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा आपला भाऊ एक्केचाळीसचा होता. आता बावन्न. त्याच्यासारख्यांना म्हातारपण लवकर गाठतं. केस पांढरेशुभ्र, गुडघे गेलेले, जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात. समज चार वर्षांच्या पोराची आणि शरीर सत्तरीचं. शब्द अजून चारच: ताई, दे, नको, गाडी. तुझं नाव त्यात नव्हतं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. आईचंही नव्हतं.

काल इथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "नळी काढल्यावर पुन्हा श्वास अडकला तर परत मशीन लावायचं का, याचा विचार करून ठेवा. म्हणजे, तसंही..."

"तसंही म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं एकंदर आयुष्य."

मी म्हटलं, "डॉक्टर, त्याचं एकंदर आयुष्य माझ्यापेक्षा बरं चाललं होतं. मशीन लावा."

बुधवारी आम्ही याच हॉस्पिटलात येऊन गेलो होतो. तळमजल्यावर, इमर्जन्सीत. तीन तास होतो. पोट साफ व्हायचं औषध देऊन त्यांनी घरी पाठवलं. गुरुवारी मला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. ते सगळं नंतर लिहीन, आत्ता भेटायची वेळ होत आली आहे.

फोनवर मी 'ये' म्हणाले, तू 'बघते' म्हणालीस. विमानानं सहा तास लागतात एवढं मला माहीत आहे. बघायला किती लागतात ते तू कळव.

ताई

२० फेब्रुवारी

धाकटे,

बारा तारखेला सकाळी सव्वादहाला सोन्या गेला. मशीन लावलेलंच होतं. तू आली नाहीस. तुझा फुलांचा हार आला. त्यावरच्या चिठ्ठीत दुकानदारानं सोन्याच्या जागी 'सोनिया' लिहिलं होतं. मी ती काढून पर्समध्ये ठेवली, उगीच लोकांनी विचारायला नको.

कसं झालं ते सविस्तर लिही, असं तू म्हणतेस. लिहिते.

सोमवारपासून त्याला शौचाला झाली नव्हती. मंगळवारी तो जेवला नाही. दुधात बुडवलेलं बिस्किटसुद्धा हातानं बाजूला सारलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. बुधवारी सकाळी उलटी झाली आणि तो कान ओढायला लागला. तुला आठवतं की नाही माहीत नाही, त्याला कुठेही दुखलं तरी तो उजवा कान ओढतो. दाढ दुखली तरी कान, पायात काच घुसली तरी कान. त्या दिवशी इतका ओढला की कानाच्या पाळीतून रक्त आलं. मी टॅक्सी केली.

काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "काय होतंय पेशंटला?"

"त्याला सांगता येत नाही."

"मग तुम्ही सांगा."

आत सगळीकडे लखलखीत दिवे, दहा मशीनं दहा सुरांत ओरडतायत, शेजारच्या खाटेवर कोणीतरी कण्हतंय. सोन्याला मिक्सरचा आवाज सहन होत नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला नर्स आली तसा तो 'नको, नको' करत तिच्या हाताला चावला. मग दोघं जण धावत आले. त्यांनी त्याचे हात खाटेला बांधले. मला म्हणाले, "बाई, पाय तुम्ही धरा, तुमचं ऐकेल." मी धरले. इंजेक्शन दिलं.

मग डॉक्टर आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, चष्मेवाला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, तिथून पुढे काही सरकला नाही. मी सांगितलं की तो कान ओढतोय म्हणजे त्याला कुठेतरी जोरात दुखतंय, पोट बघा. तर त्यानं काय केलं असेल? बॅटरी लावून कान बघितला. कान स्वच्छ होता. तसं त्यानं लिहूनही ठेवलं आहे.

एक्स-रेवाला म्हणाला, हलणाऱ्या माणसाचा फोटो निघत नाही. मी म्हटलं, आता इंजेक्शननं झोपला आहे, आता काढा. तर म्हणतो, "आता शांत आहेत ना, मग कशाला?"

आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तिच्यावर एक बाई होती, पंचेचाळिशीची, जाडजूड, केस बारीक कापलेले. सोन्या मोरीत जमिनीवर बसला होता, बादलीची कड घट्ट धरून. ती बाई दारात थांबली. जोडीदाराला म्हणाली, "स्ट्रेचर बाहेरच ठेव, चाकांचा आवाज नको." मग सरळ त्या ओल्या फरशीवर त्याच्या शेजारी बसली. गळ्यातली छाती तपासायची नळी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. तिनं आधी आपल्या पोटावर हात ठेवला, मग त्याचा हात त्याच्या पोटावर, आणि मग हळूच त्याच्या हाताखाली आपला हात सरकवला. त्यानं सरकवू दिला, धाकटे. तो चावला नाही, 'नको' म्हणाला नाही.

दोन मिनिटांत ती म्हणाली, "पोट फळीसारखं झालंय. याला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."

ज्या गोष्टीसाठी तिला दोन मिनिटं लागली ती तिथल्या एवढ्या मोठ्या लवाजम्याला तीन तासांत जमली नाही. बास. याहून जास्त आज लिहवत नाही.

ताई

१६ मार्च

धाकटे,

तुझे तीनही फोन आले, वकिलाचा निरोपही मिळाला. तू तक्रारीचा मसुदा पाठवलास तो चांगला आहे. तुझं इंग्रजी पहिल्यापासून चांगलं, तुझं मराठीही आता इंग्रजीसारखंच झालं आहे. मी सही करून हॉस्पिटलात दिला. पोच मिळाली.

एक सांगते, रागावू नकोस. सोन्या होता तेव्हा तुझा फोन वर्षातून एकदा यायचा. आता आठवड्यातून दोनदा येतो. जिवंतपणी तो तुला एवढा कधी लागला नव्हता.

केसपेपरची प्रत मागितली होती, ती आली. एकच पान. नाव, वय, कान स्वच्छ, इंजेक्शन कोणतं, आणि खाली एक ओळ: 'नातेवाईकांच्या म्हणण्यानुसार वागणूक नेहमीचीच.' या ओळीबद्दल तू फोनवर आरडाओरडा केलास. ती त्या डॉक्टरनं मनची लिहिली आहे, असं मी तुला सांगितलं. वकिलालाही तसंच कळव.

चौकशी एप्रिलच्या शेवटी आहे. मला तिथे बोलावलं आहे. तू वकिलाला पाठवते म्हणतेस, नको. मी एकटी जाईन.

घरात फार शांत आहे. माणसं सांत्वनाला येतात आणि दोन वाक्यांनंतर माझ्याकडे बघून म्हणतात, "सुटला बिचारा." त्यांना म्हणायचं असतं की तू सुटलीस. कोणी स्पष्ट म्हणत नाही. परवा तुझी ती मावससासू स्पष्ट म्हणाली. मी तिला चहा न विचारता वाटेला लावलं.

ताई

२ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचवं पाठवते आहे. उभ्यानं वाचू नकोस.

ती ओळ डॉक्टरनं मनची लिहिलेली नाही. ती माझी आहे.

आमच्या ऑफिसातल्या जुन्या सहा जणी, सगळ्या निवृत्त झालेल्या. धरणाजवळ एक बाग आहे, तिथे एक दिवस जायचं चाललं होतं. गुरुवारी, सकाळी सातची बस, संध्याकाळी परत. दोन वर्षं असंच चाललं होतं. प्रत्येक वेळी त्या जायच्या आणि मी घरी. या वेळी खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणाली, "मी बसते सोन्याजवळ, तुम्ही जाऊन या हो, एक दिवसानं काय होतंय." मी नवी चप्पल घेतली. आई गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुठे जाणार होते. आणि तू आता मनात म्हणशील, बाग? होय, बाग.

मी बाहेर जायचे कपडे कपाटातून काढले की सोन्याला कळायचं. याआधी तीनदा त्यानं तेच केलं होतं. जेवण बंद, रडारड, मोरीत जाऊन बसायचं, कान ओढायचा. मी जायचं रद्द केलं की तासाभरात बरा व्हायचा. त्यामुळे या वेळीही मला वाटलं, हे नाटकच आहे. उलटी झाली तेव्हा वाटलं, आता फार झालं. तरी मी त्याला नेलं, एवढं माझ्या पदरात घाल.

डॉक्टरनं विचारलं, "असं वागणं नवीन आहे का?"

मी काय म्हणाले ते शब्द न् शब्द लिहिते. "नाही हो. उद्या मला बाहेर जायचंय, ते त्याला कळलंय. मी कुठे निघाले की तो असाच करतो. नेहमीचंच आहे."

कान ओढण्याचा अर्थ मी त्याला सांगितला नाही. पोट बघा म्हणाले नाही. एक्स-रे झोपल्यावर काढा, हेही मी म्हणाले नाही. हे सगळं मी घरी आल्यावर, तो गेल्यावर, मनात त्यांना सांगत बसले. इतक्यांदा सांगितलं की सांगितल्यासारखंच वाटायला लागलं. मग तुला तसंच लिहिलं. ते ॲडमिट करून घेतील आणि माझा गुरुवार जाईल, एवढी एकच भीती त्या तीन तासांत माझ्या पोटात होती. 'घरी न्या' म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं. हसूसुद्धा आलं असेल, आठवत नाही.

आणि गुरुवारी मी घरी नव्हते.

इंजेक्शननं तो सकाळी सुस्त होता. मी म्हटलं, झोपेल दिवसभर. निघाले. अकराच्या सुमाराला तो मोरीत गेला. शिवणकामवालीनं मला नऊ फोन केले. मोबाइल पिशवीत, पिशवी झाडाखाली आणि आम्ही सगळ्या पाण्याच्या काठी. शेवटी तिनंच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या बाईचं जे मी तुला लिहिलं ते सगळं खरं आहे, पण ते मी पाहिलेलं नाही. शिवणकामवालीनं मला सांगितलं. तिनं आणखी एक सांगितलं, जे मी लिहिलं नव्हतं. स्ट्रेचरवरून नेताना तो सारखा दाराकडे बघून 'ताई' म्हणत होता.

फोन बघून मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा चार वाजले होते. त्याला ऑपरेशनसाठी आत नेत होते. त्यानं मला बघितलं, आणि तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणतात, शुद्ध नव्हती, त्याला काही कळत नव्हतं. डॉक्टर त्याच्याबद्दल बरंच काही म्हणतात.

आता तू ठरव तुला काय करायचं ते. चौकशीत मी खरं सांगणार आहे. तुझा वकील म्हणेल की मग तक्रार पडली. पडू दे. पण तक्रार मी मागे घेणार नाही. मी चुकीचं बोलले हे खरं, आणि त्यांनी त्याच्या पोटाला हात लावला नाही हेही खरं. माझ्या खोटेपणाखाली त्यांचं हे झाकलं जाऊ नये, एवढंच मला हवं आहे.

ताई

३० एप्रिल

धाकटे,

तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं. तुला माझं तोंड बघायचं नाही, ठीक आहे. अकरा वर्षं तू ते तसंही बघितलेलं नाहीस. पण काय झालं हे तुला कळायला हवं, कारण तक्रारीवर तुझ्या वकिलाचं नाव आहे आणि तो तुला त्याच्या सोयीनं सांगेल.

चौकशी काल झाली. दुसरा मजला, लांब टेबल, तिघं जण. मधे एक वयस्क डॉक्टरीणबाई, एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला कोणी तरी, जो शेवटपर्यंत बोलला नाही. तो चष्मेवाला डॉक्टर भिंतीशी खुर्चीवर बसला होता. वाळला होता.

व्यवस्थापकानं केसपेपर पुढे सरकवला. "ही ओळ तुमच्या सांगण्यावरून आहे का?"

"हो."

तो गडबडला. त्याला वाटलं होतं मी नाही म्हणेन. त्यानं शेजारी बघितलं. मी पुढचं न विचारताच सगळं सांगितलं. बाग, बस, चप्पल, नऊ फोन. कोणाला ऐकायचं नव्हतं तरी सांगितलं. मग म्हटलं, "मी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. मला आतड्यातलं काही कळत नाही. मी दमलेली होते, स्वार्थी होते, मी चुकीचं बोलले. आता तुम्ही मला सांगा, मी जे काही बोलले असेन ते असो, त्याच्या पोटाला हात लावायचं काम कोणाचं होतं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट सहकार्य करत नव्हता."

"अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या बाईशी त्यानं केलं."

"त्यांच्याकडे वेळ असतो," व्यवस्थापक म्हणाला. हे वाक्य त्यानं खरंच उच्चारलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांकडे वेळ असतो.

अर्ध्या तासानं मला परत आत बोलावून निकाल वाचला. नातेवाईकांनी दिलेल्या माहितीवर विसंबून घेतलेला निर्णय त्या परिस्थितीत योग्य होता. कोणाचाही हलगर्जीपणा नाही. मात्र या घटनेतून धडा घेऊन हॉस्पिटलनं अशा पेशंटांसाठी एक नवा फॉर्म केला आहे. कौतुकानं मला दाखवला. त्यात पहिलाच रकाना: 'वागणूक नेहमीची आहे का? होय / नाही. नातेवाईकांची सही.'

यापुढे ही ओळ लिहायचेही कष्ट त्यांना पडणार नाहीत.

मी जिना उतरत होते. गुडघे आता माझेही दुखतात. मागून कोणी तरी भराभर आलं. तो डॉक्टर होता. माझ्या एक पायरी खाली जाऊन उभा राहिला, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर आली. चष्मा काढून पुसला.

मग म्हणाला, "मावशी, तुम्ही तसं म्हणाला नसता ना, तरी मी पोट तपासलं नसतं."

"का?"

"भीती वाटली. ते नर्सला चावले होते. अशा पेशंटला कसा हात लावायचा हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. तुम्ही नेहमीचंच म्हणालात आणि मला... सुटल्यासारखं झालं."

म्हणजे त्या खाटेच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, आणि दोघांनाही सुटल्यासारखं झालं होतं. मधे तो बांधलेला.

मी विचारलं, "हे आत का नाही सांगितलंस?"

"आत मला कुणी असं विचारलंच नाही."

तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. शिव्याही दिल्या नाहीत. माझ्याकडे त्याच्यासाठी काहीच नव्हतं. तो गेला. मी तशीच दुखत्या गुडघ्यांनी परत वर चढले. व्यवस्थापकाच्या खोलीबाहेरच्या खिडकीत एक कारकून बाई निकालाची कागदपत्रं लावत होती. तिला म्हटलं, "त्या डॉक्टरनं आत्ता मला जिन्यात असं असं सांगितलं. हे तुमच्या कागदात लिहून घ्या."

ती आत जाऊन विचारून आली. आवाज चांगला होता तिचा, समजावणीचा.

"बाई, डॉक्टर तसं लिहून देत असतील तर आणा. नुसतं नातेवाईकांच्या म्हणण्यावरून आम्हाला काही लिहिता येत नाही."

मी म्हटलं, "त्या दिवशी आलं होतं."

तिला ते कळलं नाही. तिनं फाइल बंद केली, तिच्या दोरीची गाठ मारली आणि मला म्हणाली, "जपून उतरा हं, जिना ओला आहे."

ताई